मैदान पाचला मोकळं व्हायचं

माझं मनगट मोडलं ते काही पराक्रम करताना नाही. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात, शेवटच्या पायरीवर, मेथीची जुडी हातात घेऊन मी घसरले आणि डावा हात जमिनीला टेकला. एवढंच. शाळेतली पोरं दिवसभरात असं कितीदा पडतात आणि उठून पळतात. मी उठले, साडी झटकायला गेले, तर हात हलेना. खालच्या मजल्यावरची माणसं लग्नाला गेली होती. मेथी तिथंच पायरीवर ठेवली आणि रिक्षा करून दवाखान्यात गेले. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "बरोबर कुणी न्हाई व्हय, मावशी?"

"जवळच जायचंय," मी म्हणाले. जवळ नव्हतं.

मी कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवते. तरुणपणी लांब पल्ल्याची धावपटू होते, पुढं मुलींना धावायला शिकवलं. लोकांच्या लेखी माझं शरीर म्हणजे दणकट. माझ्याही लेखी तसंच होतं.

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. एक्स-रे दिव्यासमोर धरून त्या म्हणाल्या, "एवढ्याशा पडण्यानं हे असं मोडायला नको होतं, मॅडम." मग प्रश्न सुरू झाले. दूध घेता का, उन्हात असता का, पाळी गेली का.

"गेली. अलीकडेच."

"आणि तरुणपणी नियमित होती?"

हा प्रश्न मला आयुष्यात बऱ्याच जणींनी विचारला. आईनं विचारला, लग्न ठरत होतं तेव्हा एका मावशीनं विचारला, ते लग्न मोडल्यावरही कुणीकुणी विचारला. दर वेळी मी हो म्हणाले. त्या दिवशी हात ठणकत होता म्हणून असेल, किंवा समोरची बाई अनोळखी होती म्हणून असेल, खरं बोलले.

"नव्हती. पळत होते तोवर जवळजवळ नव्हतीच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. वर्गात समजावतात तसं म्हणाल्या, "लोडशेडिंग माहितीये ना? वीज कमी पडली की काही भागांची आधी कापतात. शरीराचंही तसंच असतं. खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की ते हृदय चालू ठेवतं, पाय चालू ठेवतं, आणि पाळी बंद करतं. पाळी बंद म्हणजे हाडांची रोजची डागडुजीही मागे पडते. त्या वयात हाड भरायचं राहिलं की नंतर पुरतं भरून येत नाही."

"आणि टेन्शन?" मी विचारलं. "शर्यतीचं?"

"शरीराला कुठं कळतं तुम्ही कशाला घाबरलात ते? उपास असो की भीती असो, त्याच्या दृष्टीनं दोन्ही संकटच. ते तसंच कापाकापी करतं." मग प्लॅस्टरचं सामान मागवता मागवता त्या सहज म्हणाल्या, "तुम्ही शिकवलेल्या मुलींत कुणाचं असं झालं असेल तर सांगा हो त्यांना. वेळेत कळलं तर औषधं आहेत."

"नाही," मी म्हणाले. "तसं कुणी नव्हतं."

खोटं बोलायला मला कधीच जड गेलेलं नाही. गप्प माणसाला ती एक सोय असते. थोडंच बोलायचं असल्यामुळे लोक त्यालाच खरं धरतात.

घरी आले तर मेथी पायरीवर तशीच होती, मलूल झालेली.

*

साताऱ्यात मी वाढले. वडील फौजेतून परतलेले. पहाटे आम्हा भावंडांना उठवून यवतेश्वराच्या घाटात पळायला न्यायचे. भावांना भरतीसाठी आणि मला बहुधा भावांना लाज वाटावी म्हणून. पुढं मीच त्यांच्या पुढं गेले. धावण्याच्या सरावाला मला कॉलेजच्या मुलींबरोबर घेतलं तेव्हा मी अजून शाळेत होते. मग एक महिना पाळी आली नाही, पुढचाही गेला. मी घाबरून तिथल्या एका मोठ्या मुलीला विचारलं. ती हसली. "अगं, तयारी झाली तुझी. माझी तर कवाच बंद हाय. आता बघ कशी पळतीस."

आम्हा मुलींच्यात हाच दाखला चालायचा. जिची पाळी थांबली ती खरी धावपटू. आणि यात सोयही मोठी होती. ज्या घरांत त्या दिवसांत बाजूला बसवतात, पाण्याला शिवू देत नाहीत, तिथल्या मुलीला सराव बुडणार नाही, स्पर्धेच्या दिवशी अडचण येणार नाही, याहून आणखी काय हवं? आम्ही त्याला आजार समजलोच नाही. बक्षीस समजलो.

पोटातली भीती मात्र मी बक्षीस समजले नाही. शर्यतीच्या सकाळी माझे तळहात बर्फासारखे व्हायचे, जीभ टाळ्याला चिकटायची, आणि नाव पुकारायच्या आधी मी संडासात पोट धरून बसलेली असायची. बाहेर कोणी विचारलं तर म्हणायचं, "काही नाही, बूट बांधतेय." धावायला लागल्यावर सगळं थांबायचं. त्या थांबण्यासाठीच मी धावायचे की काय, असं आता वाटतं.

*

जिच्याबद्दल मी डॉक्टरीणबाईंशी खोटं बोलले, ती मुलगी पलूसकडची. मी सांगलीत नव्यानं लागले होते आणि नोकरी कायम व्हायची होती. ती पहिल्या वर्षाला आली. घर जैन, शेती आणि हळदीचा थोडा व्यापार. राहायला मुलींच्या बोर्डिंगमध्ये. उंच नव्हती, पण पाऊल जमिनीला लागल्याचा आवाज यायचा नाही. मी तिला पहिल्यांदा पळताना पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. वडिलांनी तिला एक वर्ष दिलं होतं. काही करून दाखवलंस तर पुढं बघू, नाहीतर स्थळं बघायची. हे तिनं मला हसत हसत सांगितलं होतं, पण त्यानंतर दर शर्यतीआधी तिला पिवळं पाणी उलटायचं.

आमचा संध्याकाळचा सराव पाचला सुरू व्हायचा. संपेपर्यंत अंधार. तिच्या घरात आणि बोर्डिंगमध्येही दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. जेवणघर तोवर धुऊन बंद. सरावाआधी पोटभर खाल्लं तर पळताना डुचमळतं, म्हणून ती अर्धी भाकरी खाऊन यायची आणि मग सकाळपर्यंत फक्त पाणी. बाकीच्या मुली सराव संपवून गाड्यावर भेळ खायच्या, शेंगदाणे चावत बसायच्या. ही बाजूला उभी राहून त्यांच्या चपला सांभाळायची.

मी तिचं काय केलं असेल? कौतुक. सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्याकडून शिका जरा. रात्री पोट रिकामं, म्हणून सकाळी कशी हलकी पळते बघा." मुलींनी तोंडं वाकडी केली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानंतर तिनं ती अर्धी भाकरीही पाव केली असणार. वजन उतरलं आणि वेळ सुधारली. काही काळ तसंच होतं, म्हणून तर फसायला होतं.

एकदा सरावानंतर ती मागं थांबली.

"मॅडम, जरा अलीकडं घ्याल का प्रॅक्टिस? दिवस मावळायच्या आत जेवायला लागतंय आमाला."

"मैदान पाचला मोकळं होतं," मी म्हणाले. "तुझ्यासाठी मुलांना उठवू का?"

"न्हाई मॅडम. सहज इचारलं."

हे खरं नव्हतं. मैदान चारला मिळत होतं. मुलांचा सराव घेणारे सर आदल्याच आठवड्यात मला स्वतः म्हणाले होते, "मॅडम, आमच्या पोरांना दुपारच्या उन्हाची कटकट हाय. बदलायची का वेळ? तुमी चारला घ्या, आमी नंतर येतो." मी नको म्हणाले. चारला माझा शेवटचा तास असायचा, तो बदलून मागायला कार्यालयात जावं लागलं असतं, आणि कायम होण्याआधी मला तिथं कुणापुढं तोंड उघडायचं नव्हतं. हे एक कारण. दुसरं कारण मी आजवर स्वतःशीही नीट बोलले नव्हते. ती उपाशी पळत होती आणि तिची वेळ सुधारत होती. मला ते मोडायचं नव्हतं.

थोड्या दिवसांनी तिनं खाली बघत सांगितलं की पाळी येत नाही.

"बरं झालं," मी म्हणाले. "कटकट गेली."

मला माहीत होतं त्याहून काही वेगळं मी सांगितलं नाही, हे खरं. पण ती थोडा वेळ तिथंच उभी होती. तिला आणखी काहीतरी ऐकायचं होतं, आणि ते मला कळत होतं.

*

विभागाची स्पर्धा साताऱ्याला होती. त्याआधी कितीतरी दिवस तिच्या डाव्या नडगीवर एका ठिकाणी दुखत होतं. बोट ठेवलं की ती श्वास आत ओढायची. स्नायू दुखला की दुखणं पसरतं, हाड दुखलं की ते एका बोटाएवढ्या जागी राहतं. एवढं मला तेव्हाही माहीत होतं. मी मलम चोळलं, वरून क्रेप बँडेज बांधलं. "पळायला लागलीस की विसरशील," असं म्हणाले. मी अशीच विसरत आले होते.

साताऱ्याची थंडी. सकाळची शर्यत. आदल्या दुपारनंतर तिच्या पोटात काही नव्हतं, आणि रात्रभर ती जागी होती, हे मला माहीत आहे, कारण शेजारच्या पलंगावर मीही जागी होते. मैदानात उतरण्याआधी मी तिचे हात हातात घेतले. बर्फ. माझे असायचे तसेच. मी सोडून दिले.

शेवटच्या फेरीपर्यंत ती दुसरी होती. वळणावर ती पुढं जायला बाजूला सरली आणि मला आवाज आला. मी कठड्याशीच उभी होते. वाळलेली तुरीची काटकी मोडावी तसा बारीक आवाज. त्यानंतरही ती दोन-चार पावलं पळाली. मग खाली बसली आणि दोन्ही हातांनी नडगी धरून राहिली, भरलेलं भांडं हिंदकळू नये म्हणून धरतात तशी. ओरडली नाही. माझ्याकडं बघत होती.

तिचे वडील पहाटेच्या एस्टीनं आले होते. पांढरी टोपी, हातात जेवणाचा डबा, तिच्यासाठी. त्यांनी विचारलं, "काय झालं वो?"

"ट्रॅकला खड्डा होता," मी म्हणाले. "पाय मुडपला."

त्यांनी डबा माझ्याकडं दिला आणि ते खड्डा बघायला गेले. मान खाली घालून, कडेकडेनं, अख्ख्या ट्रॅकला फेरी मारली त्यांनी. पुढच्या शर्यतीतली मुलं त्यांना ओलांडून पळत होती. परत येऊन म्हणाले, "हाय खरा. बारकाच हाय, पर हाय." तिनंही मान हलवली. "व्हय अण्णा, खड्डा होता."

त्यांनी तिला घरी नेलं. वर्ष संपायच्या आत लग्न झालं. मला पत्रिका आली होती. मी गेले नाही. पुढं मी कायम झाले आणि संध्याकाळच्या सरावाची वेळ चार केली. कुणी विचारलं नाही का म्हणून.

*

डॉक्टरीणबाईंचं ते "सांगा हो त्यांना" महिनाभर माझ्या मागं होतं. हाताला प्लॅस्टर, एका हातानं कणीक मळायची, एका हातानं वेणी घालायची. कॉलेजात सगळे विचारायचे, मी म्हणायचे, "पडले." पुढं कुणी विचारत नाही. एका हातानं शर्टाची बटणं लावता येतात, पण साडीला पिन लावता येत नाही, हे मला या वयात कळलं, कारण लावून द्यायला घरात दुसरं कुणी नाही.

शेवटी एका रविवारी दुपारी मी पलूसची बस धरली. तिचं सासर तिथंच, द्राक्षाच्या बागेत. पत्ता शोधायला त्रास झाला नाही. तिनं मला लांबूनच ओळखलं.

"अय्या, मॅडम. आणि हाताला काय झालं?"

"पडले."

ती अंगानं भरली होती, केस पुढं पांढरे झाले होते. चालताना डाव्या बाजूला किंचित झुकत होती. सोप्यात सतरंजी टाकली, चहा आला. सासूबाई चौकटीला टेकून बसल्या आणि मला निरखून म्हणाल्या, "ही पळायची म्हणं? आवं, आमच्याकडं तर उंबऱ्यापातूर गेली तरी खुबा धरती."

"तुमच्या मागं पळूनच धरलाय तो," ती म्हणाली. दोघी हसल्या. मीही हसले.

मग मी बोलत राहिले. पावसाबद्दल, कॉलेजच्या नव्या इमारतीबद्दल, द्राक्षाच्या भावाबद्दल, ज्यातलं मला काही कळत नाही. तिनं बाग दाखवली. घड औषधात बुडवायचे दिवस होते. दिवसभर मान वर करून, वाटी धरून उभं राहायचं. ती एका वेलीखाली उभी राहून कसं करतात ते दाखवायला गेली, आणि हात खाली आणताना तिनं नकळत खुब्यावर ठेवला. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "घड छान धरलेत."

परत सोप्यात आलो. उन्हं लांबली होती. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. सासूबाईंनी हाक मारली, "अगं, दिवस चाललाय. पानं घ्या."

"मॅडम, तुमीबी बसा आता. जेवूनच जायचं."

ती उठायला लागली आणि मी तिचा हात धरला. दुपारभर वेळ होता. पण मला बोलायला नेमकी हीच घटका सापडली.

"थांब. एक सांगायचंय. तो खड्डा नव्हता."

ती परत बसली. "ठाऊक हाय की. अण्णांनाबी ठाऊक होतं."

"मग फेरी कशाला मारली त्यांनी?"

"बघाय गेले होते खरंच. न्हाई गावला. मग काय म्हणणार? तुमी मास्तरीण." तिनं पदर सारखा केला. "एवढ्यासाठी आला व्हय?"

इथं मी थांबले असते तर थांबता आलं असतं. तिनं मला वाट करून दिली होती.

"मैदान चारला मिळत होतं," मी म्हणाले. "तू विचारलंस तेव्हाही. मुलांच्या सरांनी स्वतःहून देऊ केलं होतं. मी नको म्हणाले."

आत ताटं मांडल्याचा आवाज झाला. मग ती हळू म्हणाली, "मी घरात सगळ्यास्नी सांगितलंय, आमच्या मॅडम लय भांडल्या मैदानासाठी, पर मिळालं न्हाई. सासूबाईंनाबी सांगितलंय. पोरीलाबी."

"मी भांडले नाही."

"असं मला कोण म्हणालं न्हवतं. माझं मीच धरलं होतं."

मग मी हाताचं सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते सगळं सांगितलं. लोडशेडिंगचंही. तिनं मध्ये एकदाच विचारलं, "तवा पाळी येत न्हवती, त्याचं हाय हे?"

"त्याचं. उपाशी पळण्याचं. भीतीचंही."

"तुमी म्हणाला होता, बरं झालं म्हणून."

"म्हणाले होते."

"मला खुब्याचं वाटायचं, घड बुडवून सगळ्या बायकांचंच दुखतंय."

"त्यांचं त्यांना बघू दे. तू हाडं तपासून घे. सांगलीला ये, मी येते तुझ्याबरोबर."

तिनं दवाखाना कुठं ते विचारलं, नीट, दोनदा. विश्रामबागेतून कुठल्या बाजूला वळायचं तेही. मग म्हणाली, "तुमी नका येऊ, मॅडम. मी माझी जाईन."

आतून सासूबाई म्हणाल्या, "अगं, मावळला की. आता काय जेवतीस तू?"

तिनं बाहेर बघितलं. मीही बघितलं. बागेवरचं ऊन गेलं होतं, मांडवाच्या तारा नुसत्या काळ्या दिसत होत्या. आत सगळ्यांची जेवणं उरकली होती. मग मला कळलं मी काय केलं ते. सबंध दुपार घालवून मी नेमकी तिच्या जेवणाची वेळ घेतली होती.

"मी... तू ऊठ, दोन घास..."

"आता कुठलं, मॅडम." ती उठली, खुब्यावर हात ठेवून, सावकाश. आवाजात राग नव्हता. "सवय हाय."

तिनं माझ्यासाठी पान वाढू का विचारलं. मी नको म्हणाले. तिनं पुन्हा विचारलं नाही. फाटकापर्यंत आली, दिवा लावला आणि म्हणाली, "बघून जावा, तिथं खड्डा हाय." खरंच होता, पाइपलाइनसाठी खणलेला. मी तो ओलांडला.

स्टँडवर सांगलीच्या बसला वेळ होता. मला सपाटून भूक लागली होती. काही न खाता बसून राहिले असं लिहिलं असतं तर शोभलं असतं, पण तसं झालं नाही. गाड्यावर एक जण गरम कांदाभजी तळत होता. मी एक प्लेट घेतली, प्लॅस्टरच्या हातावर कागद धरला आणि उभ्या उभ्या सगळी खाल्ली.